तंजावरचा रेडा आणि सुभेदार

काही वर्षांपूर्वी शासकीय कामानिमित्त तंजावरला जाण्याचा योग आला. काम दुपारीच आटोपले, परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून बृहदीश्वराच्या दर्शनास गेलो. राजराज चोळाने एक हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या या मंदिराच्या भव्यतेविषयी नव्याने काही लिहिण्याची आवश्यकता नाही. मराठी माणसाचे पाय मात्र तेथे आणखी एका कारणाने थबकतात. प्राकाराच्या भिंतीवर मराठी भाषेतील एक प्रदीर्घ लेख कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या आज्ञेवरून १८०३ मध्ये कोरविलेले ते भोसले वंशाचे चरित्र होय. आपल्या देशातील अतिदीर्घ शिलालेखांमध्ये त्याची गणना होते.

लेख वाचण्याचा यथाशक्ति प्रयत्न करीत असताना एक विचार मनात आला. हा लेख कोरला गेला, त्याच्या चार वर्षे आधी, म्हणजे १७९९ मध्ये, सरफोजींनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून राज्याचा कारभार कंपनीच्या हाती सोपविला होता. महाराजांकडे उरला होता तंजावरचा किल्ला व त्याच्या आसपासचा प्रदेश, वार्षिक नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. राज्य हातून गेल्यावर राज्याचा इतिहास दगडावर कोरला गेला. राजाज्ञेने लिहिलेल्या इतिहासाचा जो स्वर असावयाचा तोच या लेखाचाही आहे. त्यात वंशाचा गौरव आहे. वंशाच्या कारभाराची झाडाझडती नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये.

परंतु याच राज्याच्या कारभाराची झाडाझडती घेणारे दुसरे एक लेखन तंजावरातच, या शिलालेखाच्या सुमारे अर्धशतक आधी, झालेले आहे. ते दगडावर कोरलेले नाही. ते संस्कृतात आहे, शंभर श्लोकांचे आहे आणि एका रेड्याला उद्देशून लिहिलेले आहे. त्याचे नाव ‘महिषशतक’. कर्ता वांछेश्वर दीक्षित, ज्याला कुट्टी कवी या नावानेही ओळखतात. सत्तेपुढे बुद्धीचे स्वातंत्र्य कसे राखावे या प्रश्नाचा विचार करताना आपण बहुधा पाश्चात्त्य उदाहरणे देतो. मराठी राजवटीत घडलेले हे उदाहरण मराठी वाचकांना फारसे परिचित नाही. प्रशासनात उमेदवारी करणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यावे असे मला वाटते, आणि त्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांचे पुत्र शहाजी हे १६८४ ते १७१२ या काळात राज्यावर होते. हा राजा स्वतः लेखक होता आणि विद्वानांचा आश्रयदाता होता. १६९३ मध्ये त्याने कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे कावेरीकाठचे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिले आणि त्या गावाला शाहजीराजपुरम् असे नाव मिळाले. ‘जानकीपरिणय’ नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित, भक्त म्हणून आजही पूजिले जाणारे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ, असे मोठमोठे लोक तेथे नांदले. तमिळ भूमीवर, तेलुगू भाषेला दरबारी मान देणारा, संस्कृत पंडितांना पोसणारा हा मराठी राजा. त्या दरबारात पाच भाषा एकाच नाटकात आणण्याचे प्रयोगही झाले.

या शहाजी राजाच्या नावावर ‘सतीदानशूरमु’ नावाचे एक तेलुगू प्रहसन आहे. मोरोभट्ट नावाचा एक विद्वान ब्राह्मण उत्सवाला जातो, तेथे एका अस्पृश्य जातीच्या विवाहित स्त्रीवर लुब्ध होतो, शिष्य त्याला धर्म शिकवू लागतो आणि गुरू आपल्या वासनेच्या समर्थनार्थ सारे शास्त्र पणाला लावतो, असे त्याचे कथानक. ज्या पंडितांना राजाने गाव दान दिले, त्यांच्याच पांडित्याची त्याने रंगमंचावर अशी थट्टा आरंभिली. तंजावरच्या दरबाराला विनोदाचे वावडे नव्हते एवढे यावरून निश्चित होते. मात्र सिंहासनावर बसून खालच्यांची थट्टा करणे सोपे असते. खालच्याने वर पाहून हसणे ही वेगळी गोष्ट. ती गोष्ट पुढच्या दोन पिढ्यांत घडली.

शहाजींच्या मागून त्यांचे बंधू पहिले सरफोजी (१७१२-१७२८) आणि तुकोजी (१७२८-१७३६) यांनी राज्य केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत तंजावरच्या गादीने दुसरे एकोजी, त्यांच्या पत्नी सुजानबाई आणि सवाई शहाजी म्हणविणारा एक वारसदार असे तीन धनी पाहिले. या काळात राजा कोणीही असो, सूत्रे किल्लेदार सय्यद याच्या हाती होती. १७३९ मध्ये प्रतापसिंह गादीवर आले आणि १७६३ पर्यंत टिकले. परंतु त्यांची कारकीर्दही युद्धांची होती. अर्काटच्या नवाबीचा तंटा, फ्रेंच आणि इंग्रज यांची चढाओढ, १७४९ मध्ये चंदासाहेबाने तंजावरला घातलेला वेढा, १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने केलेली चढाई, या साऱ्याचा खर्च कोठून तरी भागवावयाचा होता. तो भागविण्याचे एकच ठिकाण होते, ते म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातील भाताचे खळे.

या खळ्याचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय महिषशतकाचे मर्म कळावयाचे नाही. तंजावरात सारा मुख्यतः धान्यरूपाने वसूल होई. पिकाचे दोन भाग असत. राज्याच्या हिश्श्याला मेलवारम् म्हणजे वरचा वाटा म्हणत आणि शेतकऱ्याच्या हिश्श्याला कुडिवारम् म्हणत. वाटणीचे प्रमाण ठरलेले असले तरी मूळ पीक किती आले हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी आपल्याकडील आणेवारीचे काम जवळून पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. उभ्या पिकाचा अंदाज बांधणारा माणूस कागदावर एक आकडा लिहितो आणि त्या आकड्यावर एका कुटुंबाचे वर्ष ठरते. राज्य सुभ्यांमध्ये विभागलेले होते आणि सुभ्यावर सुभेदार होते. वरून पैशाचा तगादा, गादीवर कोण टिकेल याची शाश्वती नाही, अशा स्थितीत सुभेदाराने काय करावे? जितके दिवस पद आहे तितक्या दिवसांत जितके ओरबाडता येईल तितके ओरबाडावे, हा त्याचा हिशेब. तो नीतीच्या दृष्टीने निंद्य आहे. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने अनाकलनीय मुळीच नाही. अल्पकाळाचा मक्तेदार जमिनीची काळजी करीत नाही.

अशा काळात वांछेश्वर हा कवी दरबारापासून दुरावला. तो नायक राजांचे प्रसिद्ध मंत्री गोविंद दीक्षित यांच्या वंशातला. लहान वयातच कवित्वाने राजाला प्रसन्न केले म्हणून ‘कुट्टी’ म्हणजे छोटा कवी हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. ज्याचे बालपण शहाजींच्या विद्वत्सभेत गेले, त्याने उतारवयात अडाणी अधिकाऱ्यांच्या देवडीवर ताटकळावे ही वेळ आली. परंपरा असेही सांगते, की अखेर तो शेतीकडे वळला आणि राजस्तुती सोडून त्याने रेड्याची स्तुती आरंभिली.

काव्याची मांडणी मोठी विचारपूर्वक आहे. आरंभी कवी भोसले कुळाला आशीर्वाद देतो. मग शहाजी, मंत्री आनंदराय मखी अशा गतकाळच्या गुणज्ञ प्रभूंचे स्मरण करतो आणि आताची स्थिती सांगतो. विद्वानांपैकी कोणी विद्या विकणारा वाणी झाला आहे, कोणी धनिकाच्या दारात पेंगत आहे. या चित्रातून तो स्वतःलाही वगळीत नाही. त्यानंतर तो रेड्याकडे वळतो. हा रेडा चिखलणी करतो, नांगर ओढतो, ओझी वाहतो, मार खातो आणि आम्हाला अन्न देतो. मग ज्यांच्यापासून काहीच मिळत नाही अशा मदांध प्रभूंची स्तुती कशाला करावी? रेडाच आमचा राजा, रेडाच आमचा आश्रयदाता. एकदा हे ठरल्यावर राजाला लावावयाची सारी विशेषणे तो रेड्याला लावतो. श्लेषाच्या बळावर रेडा कधी पंडित होतो, कधी वीर होतो, कधी देवही होतो. संस्कृत भाषेनेच येथे कवीला साहाय्य केले आहे. ‘महिषी’ या शब्दाचा अर्थ म्हैस असा होतो आणि पट्टराणी असाही होतो. तेव्हा महिषीचा पती कोण, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने समजून घ्यावे.

मराठी वाचकाला येथे दुसऱ्या एका रेड्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पैठणच्या ब्रह्मसभेने ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्र देण्यासाठी अडवून धरले असता ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यातील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यात एक जबरदस्त उपहास आहे. ज्या ज्ञानाच्या मक्तेदारीवर सभा उभी होती, ते ज्ञान गावातल्या पखालीच्या रेड्यालाही येते, हे सर्वांसमक्ष दाखविले गेले. पैठणचा रेडा बोलला आणि तंजावरचा रेडा मुकाट्याने चिखल तुडवीत राहिला. परंतु दोघांच्याही शेजारी उभे केल्यावर अधिकारी पुरुष उणा पडला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या काव्याचे वाङ्मयीन मूल्य संस्कृतज्ञ सांगतील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात दिसते ती बुद्धिस्वातंत्र्याची आर्थिक बैठक. राजाश्रयावर जगणाऱ्या विद्वानाच्या मालाला गिऱ्हाईक एकच असते. जेथे विकणारे अनेक आणि घेणारा एकच, तेथे भाव कोण ठरवितो हे सांगावयास नको. असा विद्वान प्रतिभावान असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो, परंतु स्वतंत्र असणे त्याला परवडत नाही. कुट्टी कवीला ते परवडले, कारण त्याच्या गोठ्यात रेडा होता. निदान काव्यात तरी त्याने तशी भूमिका घेतली आहे. रेडा हा केवळ विनोदाचा विषय नाही. तो कवीच्या उपजीविकेचे दुसरे साधन आहे आणि म्हणून त्याच्या स्वातंत्र्याचा जामीन आहे.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले छोटेखानी पुस्तक प्रशासनाच्या अभ्यासकांना परिचित असेल. ज्या संस्थेवर आपण अवलंबून आहोत ती बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात. एक सोडून जाण्याचा, दुसरा आवाज उठविण्याचा. यांपैकी कोणता मार्ग तो केव्हा निवडतो हे बऱ्याच अंशी त्याच्या निष्ठेवर अवलंबून असते. हर्शमनच्या सव्वादोनशे वर्षे आधी तंजावरच्या कवीने या तिन्ही गोष्टी शंभर श्लोकांत गुंफल्या आहेत. भोसले कुळाला दिलेला आशीर्वाद ही निष्ठा. दरबार सोडून नांगराकडे वळणे हे निर्गमन. आणि निर्गमनाचाही मार्ग बंद होतो तेव्हा उरतो तो आवाज. तो मार्ग बंद कोणी केला? सुभेदारांनी. दरबारापासून दूर जाऊन शेती करणाऱ्याच्या खळ्यावरही तेच उभे ठाकले. म्हणूनच महिषशतकातील तिखट शब्द राजापेक्षाही सुभेदारांच्या वाट्याला अधिक आले आहेत. कवीला राज्य उलथून टाकावयाचे नव्हते. राजा आणि प्रजा यांच्यामध्ये जे उभे होते, त्यांच्याकडे राजाने एकदा पाहावे एवढीच त्याची मागणी होती.

येथे प्रशासनाचा एक जुनाट रोग आपल्या लक्षात येईल. राज्यकर्त्याला राज्याची माहिती त्याच अधिकाऱ्यांकडून मिळते, ज्यांच्या कामाची परीक्षा त्या माहितीवरून व्हावयाची असते. साहजिकच वर जाताना प्रत्येक पायरीवर माहिती थोडी थोडी गोड होत जाते. चीनमध्ये १९५८ ते १९६१ या वर्षांत याची भयंकर परिणती झाली. स्थानिक अधिकाऱ्यांनी धान्योत्पादनाचे फुगविलेले आकडे वर पाठविले, त्या आकड्यांवरून सरकारने धान्य उचलले आणि खेड्यांत कोट्यवधी माणसे भुकेने मेली. अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाचा दाखला देऊन मुक्त वृत्तपत्रांचे महत्त्व वारंवार प्रतिपादन केले आहे. कावेरीच्या खळ्यावरील अंदाज आणि चीनमधील ते आकडे यांत प्रमाणाचे अंतर प्रचंड आहे, पण जात एकच आहे. ज्या राज्यात वृत्तपत्र नव्हते, निवडणूक नव्हती, लेखापरीक्षक नव्हता, तेथे सुभेदाराला वळसा घालून राजापर्यंत जाणारी वाट कोणती? अर्ज सुभेदाराच्याच हातून जाणार. पण श्लोक पाठ होतो, तोंडातून तोंडी जातो, विद्वत्सभेत म्हटला जातो, आणि हसू आले की दडपता येत नाही. महिषशतक हा एका अर्थी राजाला केलेला, मधल्या कचेऱ्या वगळून पोचलेला अर्ज होता.

हा अर्ज उपरोधातच का करावा लागला, हेही पाहण्यासारखे आहे. सरळ निंदेला एकच अर्थ असतो आणि शिक्षा करावयास एक अर्थ पुरेसा असतो. श्लेषाला दोन अर्थ असतात. त्यांपैकी दुसरा अर्थ आपल्याला लागू आहे असे जो म्हणेल, त्याने आधी स्वतःला रेडा म्हणवून घेतले पाहिजे. अपराध सिद्ध करण्याचा भार अशा रीतीने फिर्यादीवर येऊन पडतो. शिवाय राजाला न चिडता ऐकण्याची सोय होते. तो हसून विषय घेऊ शकतो आणि उद्या सुभेदाराला जाब विचारू शकतो. दोघांचाही मान राखून सत्य सांगण्याची ही युक्ती आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने ‘नर्ममाला’ लिहून कायस्थ आणि दिविर म्हणजे कारकून-अधिकारीवर्गाची लबाडी उघडी पाडली. सतराव्या शतकात मदुरेच्या नीलकंठ दीक्षितांनी ‘कलिविडंबन’ लिहून पंडित, वैद्य, ज्योतिषी, सावकार अशा सर्वांची हजेरी घेतली. कुट्टी कवी याच परंपरेतला. वेगळेपण एवढेच, की आपल्या काळाचे राज्य आणि आपल्या काळाचे अधिकारी यांवर त्याने नेमके बोट ठेवले.

आणि तरीही ते काव्य टिकले. ते नष्ट केले गेले नाही, त्याची हस्तलिखिते होत राहिली, आणि कवीच्याच वंशातील, त्याचेच नाव धारण करणाऱ्या वांछेश्वर यज्वांनी ‘श्लेषार्थचंद्रिका’ नावाची टीका लिहून त्यातील दुहेरी अर्थ उलगडून ठेवले. पूर्वजाने सुभेदारांना रेड्याहून हीन ठरविले, ही गोष्ट वंशजांना लपवावीशी वाटली नाही. त्यांनी ती भाष्यासह जतन केली. याचे काही श्रेय ज्या दरबारात पाच भाषांत हसण्याची सवय होती त्या दरबारालाही दिले पाहिजे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. शहाजी राजाच्या प्रहसनात ब्राह्मणाचे हसे होते हे खरे. पण ती खालच्या जातीची स्त्री तेथे एक देण्याघेण्याची वस्तू आहे. नवरा तिचे दान करतो आणि दानशूर ठरतो. महिषशतकाची तक्रारही मुख्यतः एका वर्गाची आहे. विद्वानांची वृत्ती बंद पडली, अडाण्यांना अधिकार मिळाला, ही त्यातील व्यथा. कावेरीच्या खोऱ्यात रेड्यामागे प्रत्यक्ष चिखलात उभे राहणारे बहुसंख्य हात पण्णैयाळांचे, म्हणजे जमिनीला बांधलेल्या वेठगड्यांचे होते. सुभेदाराचा वाटा आणि जमीनधारकाचा वाटा जाऊन जे उरे त्यात त्यांचे पोट. त्यांचा आवाज या संस्कृत काव्यातून आपल्याला ऐकू येत नाही. उपरोध हे दुर्बळाचे शस्त्र आहे असे आपण म्हणतो. ते चालविण्यासाठी भाषा लागते, फुरसत लागते आणि समजणारा श्रोता लागतो. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही त्यांचे दुःख शतकांत मावले नाही. बुद्धिस्वातंत्र्याचा कैवार घेताना ते किती थोड्यांना उपलब्ध होते, याची जाणीव ठेवावी.

स्वातंत्र्योत्तर भारतात परिस्थिती बदलली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. त्यावर वाजवी निर्बंधही त्याच अनुच्छेदात आले. तरी कसोटीचे प्रसंग आलेच. १९४८ मध्ये सुरू झालेले ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक १९७५ च्या आणीबाणीत बंद झाले. तमिळनाडूत चो रामस्वामी यांच्या ‘तुघलक’ने त्या काळात संपूर्ण काळे मुखपृष्ठ छापून निषेध नोंदविला. त्या काळ्या पानावर अक्षर नव्हते. पण अर्थ मात्र सर्वांना कळला. श्लेषाची ही शेवटची पायरी म्हणावयास हरकत नाही.

आता एक कबुली. पंचवीस-एक वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात शाखाप्रमुख होतो. वरून सतत निरनिराळ्या नमुन्यांतील विवरणपत्रे मागविली जात. एके दिवशी सूचनाफलकावर एक बनावट परिपत्रक लागले. सर्व शाखांनी पंधरवड्यात पाठविलेल्या विवरणपत्रांची संख्या दर्शविणारे विवरणपत्र विहित नमुन्यात पाठवावे. ती विवरणपत्रे कोणी वाचली असल्यास त्या व्यक्तीचे नाव व हुद्दा वेगळ्या विवरणपत्रात कळवावा. माहिती निरंक असल्यास तसे तीन प्रतींत कळवावे. भाषा इतकी हुबेहूब होती की एका शाखेने उत्तराचा मसुदाही तयार केला. दुपारपर्यंत सारे कार्यालय हसत होते. संध्याकाळी वरिष्ठांनी मला बोलाविले. लिहिणारा माझ्याच शाखेतील एक उच्च श्रेणी लिपिक होता. त्याला द्यावयाच्या ज्ञापनाचा मसुदा मी केला. ‘कार्यालयीन शिस्तीस बाधक’ हे शब्द माझे. त्याने लेखी माफी मागितली, पुढे त्याची बदली झाली आणि विषय संपला.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या कार्यालयाच्या तपासणीत अभिलेखकक्षातील बस्ते सोडण्यात आले. आमची विवरणपत्रे वरून सही-शिक्क्यानिशी पोच देऊन परत आलेल्या गठ्ठ्यांत तशीच होती. कित्येकांची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. त्या लिपिकाने विनोद केला नव्हता, अहवाल दिला होता. त्या कार्यालयात त्या वर्षी सादर झालेला तो बहुधा एकमेव खरा अहवाल असावा, आणि त्याबद्दल ज्ञापन देणाऱ्याची सही माझी होती. तंजावरच्या भिंतीपाशी उभे असताना मला महिषशतकाची आठवण झाली आणि त्यामागोमाग या प्रसंगाची. त्या गोष्टीत मी कवीच्या बाजूला नव्हतो. मी सुभेदाराच्या कचेरीत होतो.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नववा नियम शासकीय सेवकाला शासनाच्या धोरणावर वा कृतीवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो. हा नियम मी मान्य करूनच सेवेत आलो आणि त्याचे पालन करतो. निर्णय झाल्यावर त्याची अंमलबजावणी करणाऱ्याने चव्हाट्यावर त्याची टवाळी करू नये, यात तथ्य आहे. परंतु ज्याला बोलण्याची बंदी आहे, त्याच्यावर ऐकण्याची बंदी नाही. उलट बोलण्याची मनाई जितकी कडक, तितकी ऐकण्याची जबाबदारी मोठी, असे मला वाटते. अठराव्या शतकातील सुभेदारांविषयी लिहिण्यास मात्र नियमात कोठेही आडकाठी आढळली नाही, म्हणून हा लेख लिहिला. त्यातील सुभेदार हे अठराव्या शतकातीलच समजावेत.

त्या प्रसंगानंतर मी एक रीत पाळतो. माझ्या हाताखालच्या कोणी कार्यालयाची नक्कल केली, विडंबन केले, फलकावर काही लावले, तर ते प्रथम फाईलला लावावयास सांगतो आणि त्यातील प्रत्येक विधानासमोर वस्तुस्थिती काय आहे ते लिहून आणावयास सांगतो. ज्ञापनाचा विचार त्यानंतर. आजवर अशी चार प्रकरणे आली. त्यांपैकी तीन प्रकरणांत ज्ञापन द्यावे लागले नाही. एक नमुना रद्द झाला, एक खिडकी वाढली, एका रजिस्टराची पाने बंद झाली. चौथ्या प्रकरणात विडंबन निव्वळ कुचाळकीचे निघाले, तेही सोडून दिले. आणि त्या जुन्या लिपिकाला, तो निवृत्त झाला त्या दिवशी, मी पत्र लिहून क्षमा मागितली. त्याचे उत्तर आले. त्यात एकच शब्द होता: ‘निरंक’.